सासूबाईंच्या होडीचा उबदार हिवाळा

होडीला थंडी बाधते, हा शोध मला दातांच्या दवाखान्यात लागला.

तसा मी शोध लावणाऱ्यांतला नाही. आमच्या गावच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात मी कारकून आहे. दर नोव्हेंबरात घरोघरी एक पत्रक जातं, 'थंडीत आपल्या नळांची काळजी घ्या' अशा मथळ्याचं. ते मी लिहितो. (खाली सही साहेबांची असते; पण 'काळजी' या शब्दाखाली दोन रेघा मारायची कल्पना माझी.) सांगायचा मुद्दा असा की, गोठणं या विषयातलं आपल्याला चार लोकांपेक्षा जास्त कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. नाव माझं अहती. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या देशात, जुन्या गाण्यांमध्ये हा पाण्याचा देव. आईवडिलांनी नाव ठेवताना जरा घाईच केली.

होडी माझी नव्हे, सासूबाईंची. सासरे गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण सायमा तळ्याकाठच्या उन्हाळी घरापाशी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली ती होडी अजून आहे. पाइनच्या फळ्या, वरून काळं डांबर आणि अंगाने सडपातळ. तिच्याबद्दल बोलताना सासूबाईंचा आवाज मऊ होतो. माझ्याबद्दल बोलताना तो पूर्ववत होतो.

जून संपता संपता, रात्र नावालाच उरते तेव्हा, सगळा गाव समोरच्या बेटावर मोठी शेकोटी पेटवतो. तिथे होडीनेच जायचं असतं. आमच्या होडीत सासूबाई वल्ही मारतात, माझी बायको रित्वा मागे बसून डावं-उजवं सांगते आणि मी पुढच्या टोकाला सॉसेजची बादली मांडीवर घेऊन बसतो. लग्न झाल्यापासून माझी जागा तीच. बाकीच्यांचे जावई शेजारून वल्ही मारत जातात. त्यातला एखादा चावट माणूस टोपी उचलून मला सलाम ठोकतो. मांडीवर बादली असताना सलाम परत करणं फार अवघड असतं.

तर गेल्या ऑक्टोबरात सासूबाई पहिल्यांदाच अख्खा हिवाळा स्पेनला काढायला निघाल्या. गुडघ्यांना ऊन हवं, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. बसमध्ये पाय ठेवता ठेवता त्या वळल्या.

"अहती, होडी तुझ्यावर सोपवतेय. तळ्याकाठी नेहमीच्या जागी ठेव. उलटी करायची, वरून झाकायची, आणि वसंतापर्यंत हात लावायचा नाही."

"बस, एवढंच?" मी म्हणालो.

"तुझ्यासाठी पुष्कळ आहे."

रित्वाला बहुधा माझी दया आली. ती म्हणाली, "आई, आणि होडी धड राहिली तर?"

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. सेकंडहँड मोटार घेताना माणूस बघतो तसं. मग म्हणाल्या, "धड राहिली, तर पुढच्या शेकोटीला वल्ही याच्या हातात."

बस गेली तरी मी हात हलवत उभा होतो. वल्ही! मला डोळ्यांसमोर ती रांग दिसली, सलाम ठोकणारे जावई दिसले, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष करणारा मी दिसलो.

मी सासूबाईंचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. होडी मी उलटी केलीसुद्धा. पण त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. दवाखान्यात बसल्या बसल्या एक गुळगुळीत मासिक हाती लागलं. त्यात पानभर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'होडीचे दोन शत्रू: गारठा आणि ओल!' खाली चित्रात एक पांढरीशुभ्र मोटरबोट एका उबदार खोलीत विसावली होती, आणि तिचा मालक तिच्याकडे प्रेमाने बघत होता. मी त्या मालकाच्या जागी स्वतःला बघितलं. (दाढ कधी उपटली ते मला कळलंसुद्धा नाही.)

घरी आलो तो थेट शेजारच्या ताइस्तोकडे गेलो. ताइस्तोकडे दोन इंजिनांची फायबरची बोट आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे.

"गारठा आणि ओल, बरोबर," तो म्हणाला. "माझी बोट बघ. हिवाळाभर गोदामात. हीटर चालू. आत हात फिरवला तर कोरडं ठणठणीत."

"आणि सासूबाई म्हणतात, बर्फात ठेव!"

"जुनी माणसं!" ताइस्तोने हात झटकला. "त्यांना शास्त्र कुठे माहीत असतं?"

दुसऱ्याच दिवशी त्याच्या गाडीला ट्रॉली जोडून आम्ही होडी तळ्यावरून घरी आणली आणि गॅरेजमध्ये घातली. मोटार अर्थातच बाहेर आली.

"मोटार बाहेर का आली?" रित्वाने खिडकीतून विचारलं.

"मोटार लोखंडाची आहे गं. तिला काय होतंय?"

"आई काय म्हणाली होती?"

"आईंच्या म्हणण्याच्या पुढे जाऊन काळजी घेतोय मी!"

रित्वा गावात केस कापायचं दुकान चालवते. दिवसभर लोकांची डोकी हातात असल्यामुळे कुठल्या डोक्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला लगेच कळतं. तिने खिडकी लावून घेतली.

थंडी वाढली तशी माझी काळजीही वाढली. पहिल्यांदा गॅरेजमध्ये हीटर लावला. त्यासाठी मोटारीचं इंजिन गरम ठेवायची वायर काढावी लागली, कारण तिथे प्लग एकच. परिणामी एका सकाळी मोटारीने माझ्याशी बोलणं सोडलं. मी किल्ली फिरवली, तिने एक उसासा टाकला आणि नंतर तोही टाकेनाशी झाली. मग मी पायाने रेटायच्या घसरगाडीवरून कचेरीत जायला लागलो. आमच्याकडे ती आजीबाई बाजारहाटाला वापरतात. उतारावर दोन आजीबाईंनी मला मागे टाकलं. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "बाजूने चालव रे बाळा."

पण होडी मात्र मजेत होती. तळघरातलं ओल शोषून घेणारं यंत्र तिच्या पोटाशी नेऊन ठेवलं. (तळघरातल्या बटाट्यांना मोड आले. पण बटाटे काही सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले नव्हते.) कोपऱ्याकोपऱ्यांतली ओल जाईना, म्हणून रित्वाच्या दुकानातला केस वाळवायचा ड्रायर आणला.

"माझा ड्रायर कुठे आहे?" रित्वाचा दुकानातून फोन आला.

"कामात आहे."

"अहती, ओल्या केसांची बाई समोर बसलीये माझ्या!"

"टॉवेल दे तिला. तिच्या केसांना फटी पडत नाहीत!"

हे वाक्य मी का बोललो कोण जाणे. होडीला तरी फटी पडतात हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? तोंडाला कधीकधी डोक्याच्या आधी कळतं.

जानेवारीत सासूबाईंचा फोन आला. मागून लाटांचा आवाज येत होता.

"होडी कशी आहे?"

"ऐटीत आहे."

"बर्फ पडला का?"

"खिडकीपर्यंत."

"मग बरी असेल ती," त्या समाधानाने म्हणाल्या आणि फोन ठेवला. बर्फ पडला म्हणे, मग बरी असेल! मला त्यांची कीव आली.

त्याच आठवड्यात पारा असा काही उतरला की बाहेर श्वास घेताना नाक चिकटायला लागलं. एक हीटर पुरेना. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, बाहेरच्या भिंतीलगत जिथून नळ जातो, तिथे आमच्याकडे एक छोटा हीटर कायम असतो. का असतो, हे मी दर वर्षी पत्रकात ठळक अक्षरांत लिहितो. तो मी 'एका रात्रीपुरता' होडीकडे नेला.

सकाळी रित्वाने कॉफीसाठी नळ सोडला. नळाने एकदा खाकरून घेतलं आणि गप्प बसला.

रित्वा ओट्यापाशी गेली, वाकली, खाली पाहिलं, आणि फ्रिजवर लावलेलं ते पत्रक मोठ्याने वाचायला लागली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. 'काळजी' या शब्दावर तिने दोनदा जोर दिला, कारण रेघा दोन होत्या.

कचेरीत फोन करून नळदुरुस्तीवाला मागवणं भाग होतं. फोन उचलला साहेबांनी. तक्रारदाराचं नाव त्यांनी मला तीनदा उच्चारायला लावलं.

पाणी नसलं तरी एक वेळ चाललं असतं. बर्फ वितळवून कॉफी होते. पण त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापली नाही, तर आमच्याकडे घरात कुणीतरी गेलंय असं लोक समजतात. शेवटी आम्ही टॉवेल घेऊन ताइस्तोकडे गेलो. तिथे वाफेत उघडंवाघडं बसल्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही. मी सगळं सांगितलं. ताइस्तो इतका हसला की बाकावरून घसरला. सोमवारपर्यंत गावात सगळ्यांना कळलं. कचेरीत कुणीतरी माझ्या खुर्चीवर लोकरी शाल आणि चिठ्ठी ठेवली, 'होडीसाठी'.

हे सगळं मी सोसलं. वल्ह्यांसाठी सोसलं. अपमान झाला की गॅरेजमध्ये जाऊन मी होडीवर टिचकी मारायचो. पूर्वी थप्प असा आवाज यायचा, तो आता टणटण असा यायला लागला होता. मार्चमध्ये तर दिवा पलीकडे ठेवला की फळ्याफळ्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा दिसायला लागल्या. मी रित्वाला मुद्दाम बोलावून दाखवल्या.

"अहती, यातून उजेड येतोय," ती म्हणाली.

"हवा खेळती आहे!"

"पाणी खेळायला लागलं तर?"

"तू ना, फार नकारात्मक विचार करतेस."

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ गेला. सासूबाई रविवारी यायच्या होत्या. मी शनिवारीच होडी पाण्यात सोडायचं ठरवलं, म्हणजे त्या येतील तेव्हा धक्क्याला होडी डुलत असेल आणि मी तिच्याशेजारी सहज उभा असेन. ट्रॉलीवरून होडी तळ्यावर आणली. ती इतकी हलकी झाली होती की ताइस्तो आणि मी दोघांनी तिला उचलून पाण्यात ठेवलं. मी पांढरी कप्तानटोपी चढवली. (वाढदिवसाला रित्वाने दिलेली. चेष्टेने दिली होती, पण टोपीला ते कळत नाही.) आत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या होडीची वल्ही हातात घेतली. खरं सांगतो, मला भरून आलं.

मला भरून येत होतं तोवर होडीही भरत होती.

एखाद्या ठिकाणाहून पाणी आलं असतं तर बोट तरी लावता आलं असतं. इथे प्रत्येक फटीतून, दोन्ही बाजूंनी, अगदी शिस्तीत पाणी येत होतं. मला वाटलं वल्ही मारल्यावर थांबेल. म्हणून मी मारली. होडी पुढे जाण्याऐवजी खाली गेली.

"अहती," धक्क्यावरून ताइस्तो म्हणाला, "तू बुटका होत चाललायस का?"

"पुढे बघून बोल!"

"पुढेच बघतोय. मघाशी तुझा पट्टा दिसत होता."

"बाहेर ये!" रित्वा ओरडली.

पण मला वल्ही सोडवेनात. मी बसून राहिलो. पाणी छातीपर्यंत आलं, गारठ्याने श्वास अडकला, तेव्हा उठलो. धक्क्यापाशी पाणी कमरेएवढंच होतं, त्यामुळे बुडण्याचा मानसुद्धा मिळाला नाही. होडी पाण्याखाली गेली, पण लाकूडच ते, कडा तेवढ्या वर ठेवून तरंगत राहिली. सगळ्या तळ्याला दिसेल अशी.

आणि रित्वाचा फोन वाजला. तिने ऐकलं, आणि तिचा चेहरा पडला.

"आई आजच आलीये. टॅक्सीत बसलीये. सरळ इथेच येतेय."

मला जे सुचलं ते थंडीने सुचलं, बुद्धीने नव्हे. "ताइस्तो, दगड!"

"कशाला?"

"ही तळाला बसवू. दिसणार नाही. सांगू, कुठेतरी दुरुस्तीला दिलीये. उद्यापर्यंत काहीतरी सुचेल!"

आम्ही दोघांनी काठावरचे दगड उचलून होडीत टाकायला सुरुवात केली. रित्वा घराकडे गेली, ती म्हणाली कॉफी ठेवायला; माझ्या मते हसायला. मला हसू येत नव्हतं. सासऱ्यांनी हातांनी जोडलेल्या एकेका फळीवर मी दगड ठेवत होतो, आणि त्या प्रत्येक दगडाला मला त्यांच्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. त्या गडबडीत कधी माझा एक बूट निघाला, टोपी कुठे गेली, कळलं नाही. होडी हळूच तळाला टेकली. आणि मागे टॅक्सीचं दार वाजलं.

सासूबाई उन्हाने तांबूस होऊन आल्या होत्या. मला ओलाचिंब, एका पायात बूट घातलेला बघून त्यांनी काहीच विचारलं नाही. (इतक्या वर्षांत त्या सरावल्या आहेत.) सरळ धक्क्याच्या टोकाला गेल्या. सायमाचं पाणी वसंतात काचेसारखं स्वच्छ असतं, हे मी विसरलो होतो. तळाशी होडी अशी लख्ख दिसत होती की फळ्या मोजता आल्या असत्या.

सासूबाईंनी वाकून खाली बघितलं. ताइस्तो आकाशातले ढग न्याहाळायला लागला. मी मनातल्या मनात बादलीची कडी धरली.

त्या वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"फळ्या फुगायला बुडवून ठेवलीस?" त्या म्हणाल्या. "दगडसुद्धा ठेवलेस? अगदी मधोमध?"

"आँ?" मी म्हणालो.

"लाकडी होडी वाळली की अशीच बुडवून ठेवायची असते. फळ्या पाणी पितात, फुगतात, फटी मिटतात. हे हल्ली कुणाला येतं? माझ्या नवऱ्यानंतर हे करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मला एकटीला दगड उचलवत नाहीत म्हणून मी ती बर्फात ओली ठेवते. आणि तू..." त्यांनी माझ्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

इथे सभ्य माणसाने खरं सांगितलं असतं. मी नम्रपणे पायांकडे बघितलं. "कर्तव्य केलं, आई," मी म्हणालो.

ताइस्तोला जोरात खोकला आला.

रात्री मी रित्वाला विचारलं, "बाबा दर वर्षी होडी बुडवायचे, हे तुला माहीत नव्हतं?"

"बुडवायचे हे माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं तेही तुझ्यासारखेच होते."

काही दिवसांनी मी कचेरीत असताना सासूबाईंनी ताइस्तोला हाताशी धरून दगड काढले, पाणी उपसलं. फळ्या फुगून अशा घट्ट बसल्या होत्या की थेंब आत येईना. शेकोटीच्या दिवशी त्यांनी दिलेला शब्द पाळला. त्या मागे रित्वाच्या शेजारी जाऊन बसल्या आणि वल्ही माझ्यापुढे मोकळी पडली.

मी वल्ही मारली. अगदी मनापासून मारली. वल्ही मारताना पाठ पुढे असते आणि माणूस मागे बघत असतो, ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. त्यात माझा उजवा हात डाव्यापेक्षा जोरकस. (पत्रकं त्याच हाताने लिहितो.) आम्ही बेटाकडे निघालो आणि आमच्याच धक्क्यापाशी परत आलो. दुसऱ्यांदा निघालो तेव्हा सगळे जावई बेटावर पोचले होते. त्यांना सलाम ठोकायला भरपूर सवड होती आणि त्यांनी ती वापरली.

आम्ही पोचलो तेव्हा शेकोटीचे निखारे झाले होते. आम्ही त्यावरच सॉसेज भाजायला बसलो. मला वाटलं, उशीर झाला तर झाला, वल्ही तर मिळाली. तेवढ्यात सासूबाईंनी शांतपणे पिशवीत हात घातला आणि माझ्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक चपटी झालेली कप्तानटोपी आणि एक बूट.

"दगडाखाली होते," त्या म्हणाल्या. "होडी बुडवायला कुणी टोपी घालून आत बसत नाही, अहती."

मी ताइस्तोकडे बघितलं. ताइस्तो निखाऱ्यांत फुंकर मारत होता, त्याच्या सॉसेजला गरज नसताना.

"सगळं सांगितलंय त्याने मला. हीटर, ड्रायर, नळ, सगळं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. मी दचकलो. हा आवाज होडीसाठी राखून ठेवलेला होता. "घर गोठवलंस, पण तिला जपलंस. चुकीचं जपलंस, तरी जपलंस. म्हणून मी ठरवलंय. येत्या हिवाळ्यात मी इथेच राहणार, होडी बर्फात राहणार. गारठा आणि ओल सोसत नाही, ते यालाच. स्पेनला याला पाठवू."

"एकट्याला?" रित्वाने विचारलं. "आणि तिथे याला ठेवायचं कसं?"

सासूबाईंनी सॉसेज उलटलं.

"नेहमीसारखंच. उलटा करायचा, वरून झाकायचा, आणि वसंतापर्यंत कशाला हात लावू द्यायचा नाही."